राजाची अडीच घरं

जोतीराम मोहिते दवाखान्यात कंपौंडर होते आणि मी कचेरीत कारकून. आमची गाठ पडायला कारण एकच, बुद्धिबळ. साताऱ्यात आमचं एक मंडळ होतं. मंडळ म्हणजे सायकलच्या दुकानामागची खोली, चार पट, एक माठ आणि घरी ज्यांना कोणी विचारत नाही अशी आठ-दहा माणसं. त्यांत जोतीरामदादा सगळ्यांत चांगले खेळत. त्यांना घरी विचारतही असत, हे त्यांचं वेगळेपण.

दादा मूळचे कडेगावकडचे. तरुणपणी पलटणीत गेले, तिथं जखमींची मलमपट्टी करायला शिकले आणि पेन्शनीत आल्यावर आमच्या पेठेतल्या एका डॉक्टरांकडे औषधं द्यायला बसले. डॉक्टर चिठ्ठी लिहायचे आणि लहान खिडकीमागे दादा औषध तयार करायचे. बाटली आधी उजेडाला धरायची, मग हुंगायची, मग चिठ्ठी परत एकदा वाचायची आणि मग भरायची. बाटलीवर डोसांच्या खुणांसाठी चिकटवायची कागदाची पट्टी दुमडून कात्रीनं अशी कापायचे की सहा डोस म्हणजे सहाच, थेंब इकडचा तिकडे नाही. रॉकेलच्या बाटलीत औषध मागायला आलेल्या एका बाप्याला त्यांनी असं झापलं होतं की आतला पेशंट तपासायच्या टेबलावर उठून बसला.

मी मात्र स्वभावानं भित्रा. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, पण माझ्या मागे लागायला ब्रह्मराक्षससुद्धा कंटाळला असता. साहेबांची घंटा शेजाऱ्यासाठी वाजली तरी मी उठून उभा राहायचो. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे जे घडलं त्यात दादांइतकाच माझ्या या स्वभावाचाही हात आहे.

दरवर्षी फेब्रुवारीत आमचा सांगलीच्या एका मंडळाशी सामना व्हायचा. पाच पटांवर पाच जण. एका वर्षी त्यांनी यायचं, एका वर्षी आम्ही जायचं, आणि दोन्ही वर्षी आम्ही हरायचं, असा रिवाज होता. चौऱ्याहत्तर साली जायची पाळी आमची होती. रविवारी सकाळी सहाच्या एस.टी.नं आम्ही पाच जण निघालो. पुढचे तिघं कऱ्हाड येईपर्यंत झोपले होते. मी आणि दादा मागच्या बाकावर.

इस्लामपूरच्या अलीकडे उसाच्या गाड्यांची रांग लागली आणि एस.टी. बैलांच्या चालीनं जायला लागली. दादा सकाळपासून गप्प होते. एकदम म्हणाले, "नारायणराव, एक काम करशीला माजं?"

"सांगा की."

"आज माज्यावर नजर ठेवा. मी खेळताना."

मला वाटलं, चेष्टा करतात. म्हटलं, "तुमच्यावर नजर ठेवून काय करू? मला काय कळणार तुमच्या खेळातलं?"

"खेळातलं न्हाई वं." त्यांनी पुढच्या तिघांकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "मागल्या शनवारी एका बाईची बाटली हातात घेतली. चिठ्ठी वाचली. आन औषधाच्या फळीम्होरं हुबा राह्यलो. कुटली भरायची त्येच कळंना. ह्या फळीवर धा वर्सं हात हाय माजा. डोळे झाकून बाटली काढीन. पर कळंनाच. किती येळ हुबा हुतो द्येव जाणे. डॉक्टरांनी हाक मारली तवा ध्यान आलं."

मी म्हटलं, "होतं असं. दमला असाल."

"माज्या बापाला असंच झालं." दादा खिडकीबाहेर पाहत बोलत होते. "छप्पन वर्साचा हुता. सगळ्या गावात त्याच्याइतका बुद्धिबळ कुणी खेळत नव्हता. एक दिस पट मांडताना हत्ती आन उंट अदलाबदल करून बसला. आमी हासलो. सा म्हैन्यानं रानातनं घरची वाट सापडंना. दोन वर्सांनी आईला म्हनाला, बाई, तू कुनाची? शेवटाला उंबऱ्याला बसवून ठिवायला लागलं. आमच्यात पयलं पटावरच दिसतं, नारायणराव. आन मला यंदा छप्पन लागलं."

ते पुढे सांगत राहिले. हरण्याजिंकण्याचं त्यांना काही नव्हतं. पण आज पटावर त्यांच्या हातून काही खुळ्यासारखं झालं, तर सोमवारपासून ते औषधाच्या बाटलीला हात लावणार नव्हते. नाही झालं, तर निर्धास्तपणे कामावर जाणार होते.

"चुकीची बाटली म्हंजी येकाद्याचं लेकरू जायाचं," ते म्हणाले. "मला सवताला कळायचं न्हाई. बापाला कवाच कळलं न्हाई. तुमी बघा, आन जे दिसंल ते मला तोंडावर सांगा. सांगशीला न्हवं?"

"सांगेन," मी म्हणालो. गाड्यांची रांग सुटली आणि एस.टी. जोरात निघाली.

सामना एका शाळेच्या हॉलमध्ये होता. अकराला डाव सुरू झाले आणि साडेबारापर्यंत आम्ही चौघं रिवाजाप्रमाणे हरून मोकळे झालो. मी तर सतराव्या खेळीला वजीर देऊन बसलो. खरं सांगायचं तर माझं माझ्या पटावर लक्षच नव्हतं. सामना संपला होता, सांगलीकरांनी चार गुण घेतले होते, आणि सगळे चहा-भडंगाच्या मागे लागून बाहेर गेले. आत राहिले दादा, त्यांच्यासमोरचे लेले मास्तर आणि मी.

गोपाळकृष्ण लेले हे निवृत्त शिक्षक, साठीचे, काळी टोपी, नाकावर चष्मा. खेळताना स्वतःशीच पुटपुटायची त्यांना सवय. शेजारी लाकडी पेटीत दोन घड्याळं टिकटिकत होती. आपली खेळी झाली की आपल्या बाजूची कळ दाबायची, म्हणजे समोरच्याचं घड्याळ चालू. प्रत्येकाच्या चाळीस खेळ्या त्याच्या घड्याळात दीड तासात व्हायला हव्यात, नाहीतर हार. आमच्या सामन्यात खेळ्या कोणी लिहून ठेवत नसे, नुसत्या मोजत. मी दोघांच्या मध्ये खुर्ची घेऊन बसलो होतो आणि माझी नजर पटावर कमी, दादांच्या हातांवर जास्त होती.

तासभर सगळं ठीक चाललं. दादा तर फार सुंदर खेळत होते. मी मनातल्या मनात म्हणत होतो, बघा, उगाच घाबरवलं म्हाताऱ्यानं. मग लेले मास्तरांनी एक हत्ती मधल्या उघड्या पट्टीवर आणला आणि डाव फिरला. दादांचा काळा राजा कोपऱ्याशेजारी आपल्याच तीन प्याद्यांच्या मागे बसला होता. तोपर्यंत आडोसा वाटत होता, आता तोच पिंजरा झाला. पुढच्या खेळीला पांढरा हत्ती मागच्या ओळीत उतरला की मात. प्यादं सरकवून वाट करावी तर त्या घरांवर मास्तरांची मोहरी टपलेली; मात टाळायची तर एक घोडा फुकट द्यावा लागणार होता, आणि घोडा गेला की डाव गेला.

दादांच्या घड्याळात चार मिनिटं उरली होती. ते पटाकडे पाहत होते. कपाळावर घाम होता. मग एकाएकी त्यांचा चेहरा निवळला. सोप्या गोष्टीला इतका वेळ कशाला लागला, असा भाव आला. त्यांनी राजा उचलला, प्याद्यांच्या डोक्यावरून नेला आणि पलीकडे, घोड्यासारखा अडीच घरं टाकून ठेवला. कळ दाबली आणि हाताची घडी घातली.

ज्यांना आपला जुना देशी खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. आपल्या गावाकडच्या बुद्धिबळात राजाला एक सवलत असे. शह लागायच्या आधी त्याला एकदा, एकदाच, घोड्याची उडी मारता यायची. दादांच्या वडिलांच्या पटावर ही उडी चालत होती. पण मंडळांत आणि सामन्यांत खेळ विलायती नियमांचा. तिथं राजा एकच घर चालतो. दादा पलटणीत गेल्यापासून, म्हणजे गेली तीस वर्षं, त्याच नियमांनी खेळत होते. नव्या पोरांना ते स्वतःच हसून सांगायचे, "राजा हाय त्यो, बेडूक न्हवं. उड्या मारत न्हाई."

मी लेले मास्तरांकडे पाहिलं. आता ते टोपी सावरतील, हसतील, 'अहो मोहिते, हे काय' म्हणतील. मास्तर पटावर वाकले. चष्मा वर सरकवला. "हं," ते पुटपुटले, "सुटलात की!" आणि त्यांनी उंट हलवला.

त्यांच्याही लक्षात आलं नाही! लहानपणी तेही देशीच शिकलेले. चुकीच्या घरी बसलेला तो राजा दोघांनाही जागच्या जागी वाटत होता आणि सगळ्या हॉलमध्ये ते खुपत होतं फक्त मला. बघणाऱ्यानं बोलायचं नाही, हा सामन्याचा नियम. तो नियम त्या वेळी मला इतका प्यारा वाटला की काय सांगू. मी जीभ दातांखाली धरून बसलो.

हातचा डाव निसटल्यावर मास्तर चिडले, घाईला आले आणि आणखी बारा खेळ्यांत हरले. साताऱ्याचा त्या दिवसाचा एकुलता एक गुण. आमचे तिघं बाहेरून धावत आले, दादांच्या पाठीवर थापा पडल्या. लेले मास्तरांनी हात जोडले आणि म्हणाले, "राजा छान काढलात हो."

दादांनी माझ्याकडे पाहिलं. सगळ्यांच्या खांद्यांवरून, सरळ माझ्याकडे. मी टाळ्या वाजवत होतो.

परतीच्या एस.टी.त ते पुन्हा माझ्याशेजारी बसले. कागदातला भडंग माझ्यापुढे केला. सकाळचा माणूस तो नव्हताच. कोणाकोणाच्या खोड्या काढत होते, लेले मास्तरांच्या पुटपुटण्याची नक्कल करत होते. नेर्ले फाटा गेल्यावर त्यांनी विचारलं, "मग? बघितलंसा न्हवं समदं?"

"बघितलं."

"काय दिसलं?"

मी पुष्कळदा त्या घटकेचा विचार केला आहे. मला 'दादा, राजा' एवढे दोनच शब्द बोलायचे होते. बाकीचं त्यांनी ओळखलं असतं. पण त्यांच्या मिशीला भडंगाचा कुरमुरा चिकटला होता आणि त्यांचे डोळे हसत होते. त्या डोळ्यांतलं हसू माझ्या एका शब्दानं जायला नको होतं. शिवाय मी मनाशी सबब तयार ठेवली होती. मास्तरांच्याही नजरेतून ती उडी सुटली, मग मास्तरांना काय वेड लागलंय? जुनी सवय, दुसरं काय?

"काही नाही दिसलं," मी म्हणालो. "डोकं अगदी शाबूत आहे तुमचं."

त्यांनी डोळे मिटले आणि इतका मोठा श्वास सोडला की पुढच्या बाकावरच्या बाईनं वळून पाहिलं.

सोमवारी मी कचेरीत गेलो तो दवाखान्यावरून. नेहमीची वाट नव्हती ती. दवाखान्याबाहेर रांग होती. रंगूबाई भाजीवाली बाटली पदराखाली धरून बाहेर पडली आणि मला वाटलं, ती हिसकावून घ्यावी आणि गटारात ओतावी. मी फक्त विचारलं, "काय होतंय?" ती म्हणाली, "खोकला वं, दुसरं काय." मी मान हलवून पुढे गेलो. दिवसभर खोकणारी रंगूबाई माझ्या डोळ्यांपुढे होती. संध्याकाळी तिला मंडईत वांग्यांच्या भावावरून भांडताना पाहिलं तेव्हा मला देव भेटल्यासारखं झालं.

मंगळवारीही तेच. कोणाच्या घरातून रडण्याचा आवाज आला की माझी पाचावर धारण बसायची. रात्री जेवण जाईना. बायकोनं विचारलं, तर पित्त म्हणून सांगितलं. दादांना जाऊन सांगावं असं रोज मनात यायचं आणि रोज मी ते उद्यावर टाकायचो. दोन दिवस झाले, कोणाला काही झालं नाही, म्हणजे सगळं ठीकच असणार, असं स्वतःला बजावायचो. अळीमिळी गुपचिळी, दुसरं काय! मला दवाखान्याची खिडकी रस्त्यावरून दिसत होती. तिच्यामागे कोण उभं आहे हे पाहायला मी एकदाही आत गेलो नाही.

बुधवारी संध्याकाळी साडेसहाला घरी आलो. दारातच बायको, शकुंतला, म्हणाली, "हळू या. उमा आत्ता झोपलीय. दुपारी अंग तापलं म्हणून दवाखान्यात नेलं होतं."

उमा आमची धाकटी, चार वर्षांची.

"औषध?" मी म्हणालो.

"दिलं की. एक डोस दिला पाच वाजता. तेव्हापासून झोपलीय बघा, इतकी गाढ की..."

पुढचं मी ऐकलं नाही. कोनाड्यात बाटली होती. तांबूस औषध, बाजूला कागदाची पट्टी, वरचा एक डोस गेलेला. मी बूच काढून हुंगलं. मला काय कळणार? उमाच्या छातीवर कान ठेवला. माझ्याच काळजाचे ठोके इतक्या जोरात वाजत होते की तिचे ऐकूच येईनात. "उमा, उमे," मी हाका मारल्या. ती कुरकुरली आणि कुशीवर वळली. शकुंतला म्हणाली, "अहो, उठवता काय तिला? तुम्हाला झालंय तरी काय?"

"दुसरा डोस देऊ नकोस," एवढंच म्हणालो आणि बाटली घेऊन धावत सुटलो. चप्पल घालायचंही भान राहिलं नाही. वाटेत मी देवाला काय काय कबूल केलं ते आता आठवत नाही. भर पेठेतून कारकुनासारखा कारकून अनवाणी पळतोय, लोक बघत होते.

दवाखान्यात गर्दी ओसरली होती. औषधाच्या खिडकीमागे खुद्द डॉक्टर उभे होते, चष्मा कपाळावर, हातात मापाचं भांडं. आणि दादा खिडकीच्या अलीकडे, पेशंटच्या बाकाशेजारी एका लहान टेबलावर बसून केसपेपरवर नावं लिहीत होते.

मी बाटली त्यांच्यापुढे ठेवली. "उमाचं," मी म्हणालो, "हे... हे तुम्ही..."

दादांनी बाटलीकडे पाहिलं, मग माझ्या धुळीनं भरलेल्या पायांकडे. "डॉक्टरांच्या हातचं हाय," ते म्हणाले. "घाबरू नगा. सोमवारपास्नं मी बाटलीला हात लावल्याला न्हाई."

मी बाकावर बसलो. खिडकीआडून डॉक्टर म्हणाले, "अहो, ताप उतरायला लागला की पोरं झोपतात. काही नाही तिला."

दादांनी टाक खाली ठेवला. "जितल्याला डाव मी दुसऱ्या दिशी सकाळी घरी मांडून बघतो," ते हळू आवाजात म्हणाले. "पलटणीपास्नं सवय हाय. सोमवारी कामावर यायच्या आदी मांडला. येकूनयेक खेळी आठवत हुती, माजी बी, मास्तरांची बी. लय बरं वाटत हुतं. चौतिसाव्या खेळीला राजा उचलला आन हात तितंच थांबला." त्यांनी हात टेबलावर उताणा ठेवून त्याच्याकडे पाहिलं. "खेळी आठवती, नारायणराव. पर ती खेळताना मी कुटं हुतो, त्ये आठवत न्हाई. सांगलीत नव्हतो. बापाच्या म्होरं बसलो हुतो का काय, कुनाला ठावं. तसाच हितं आलो आन डॉक्टरांना समदं सांगितलं. औषधाच्या कपाटाची किल्ली दिऊन टाकली."

खिडकीआड डॉक्टरांनी मापाचं भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला. दादा माझ्याकडे पाहत होते. रागावले असते तर बरं झालं असतं. पलटणीतल्या त्या उंच माणसाच्या डोळ्यांत मला नुसती भीती दिसत होती, अंधारात पायरी चाचपणाऱ्या माणसाची असते तशी.

"तुमाला दिसलं हुतं," ते म्हणाले.

"बघणाऱ्यानं बोलायचं नाही असा नियम..."

"डाव चालू आसताना. मग यष्टीत? सोमवारी? काल?" त्यांनी केसपेपरांचा गठ्ठा नीट केला. "काल पेठेतला धाकला सयाजी पोराचं औषध घिऊन गेला. तान्हं हाय. माज्या हातचं न्हवतं, ह्ये मला म्हाईत. तुमाला कुटं म्हाईत हुतं?"

मी घाबरलो होतो, हे खरं. पण त्यांच्याइतका कोणी घाबरलेला नव्हता, आणि किल्ली त्यांनीच नेऊन दिली होती. मी मात्र माझं पोर तापानं फणफणेपर्यंत घरात बसून होतो.

त्यांनी बाटली माझ्या हातात दिली. "पोरीला चार तासांनी दुसरा डोस द्या. आन हे बघा. आता मला कोन तरी सांगणारं लागंल. बायकू साळूबाई सांगायची न्हाई, ती रडत बसंल. डॉक्टरांना येळ न्हाई. इथनं म्होरं काय बी दिसलं, कसलं बी, तर सांगशीला?"

"सांगेन," मी म्हणालो.

दादांनी मान हलवली. मग त्यांनी टाक उचलला आणि दारात उभ्या असलेल्या म्हातारीला नाव विचारलं. नाव लिहून झाल्यावर तो केसपेपर त्यांनी माझ्याकडे सरकवला नाही. तो घेऊन ते उठले आणि खिडकीशी जाऊन डॉक्टरांना विचारलं, "बरोबर लिवलंय न्हवं?"